पांढरे ठिपके

छंद माणसाला कोणत्या वयात जडावा, याला काही नियम नाही. सारी हयात हिशेबाच्या वह्यांत डोके घालून बसलेल्या माझ्यासारख्याला सत्तरीच्या उंबरठ्यावर मासे पाळण्याचा नाद लागेल, असे कोणी भाकीत केले असते तर मी त्याला हसून वाटेस लावले असते. परंतु माझ्या नातीच्या सहाव्या वाढदिवशी आमच्या सिकंदराबादच्या घरात काचेची एक पेटी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि साधारण पंचावन्न लिटर पाणी मावेल एवढी ती पेटी म्हणावयास नातीची. पण तिची चाकरी हळूहळू माझ्याकडे आली, आणि चाकरीतूनच माया उत्पन्न झाली.

तसे पाहिले तर ही माया अगदीच नवी नव्हती. आमचे मूळ घराणे गोव्यातले, फोंडा महालातले. लहानपणी सुटीत गावी गेलो की देवदर्शनापेक्षा देवळाच्या तळीचे आकर्षण आम्हां मुलांना अधिक असे. शेवटच्या ओल्या पायरीवर बसून चुरमुरे टाकावेत आणि हिरव्या पाण्यातून काळी पाठ वर येताच सर्वांनी एकदम ओरडावे, हा आमचा नित्यक्रम होता. त्या तळीतला एखादा मासा आजारी पडत असेल, हा विचार तेव्हा कोणाच्याही मनात आला नाही. तळीतले मासे देवाचे. त्यांची काळजी देवाला. काचेच्या पेटीतले मासे मात्र माणसाचे असतात, हे समजावयास मला गेल्या डिसेंबरापर्यंत वाट पाहावी लागली.

त्या महिन्यात मुलगा आणि सून एका लग्नानिमित्त पंधरा दिवस पुण्यास गेले. नातही गेली. जाताना तिने मला मासे एक एक करून सोपविले: सहा मॉली, चार स्वोर्डटेल, दोन एंजल. त्या सहा मॉलींतली एक काळीभोर मादी तिची विशेष लाडकी होती. ती आमच्याच पेटीत जन्मलेली, डोळ्यांच्या ठिपक्यांएवढी असल्यापासून नातीने वाढविलेली. तिचे नाव काळूबाई. "आजोबा, हिला सकाळी आधी खाऊ द्यायचा," अशी आज्ञा झाली, आणि मी ती शिरसावंद्य मानली.

घर रिकामे झाले की म्हाताऱ्या माणसाला काहीतरी करून दाखविण्याची हुक्की येते. नात परत येईल तेव्हा तिला चकित करावे, या हेतूने मी एका रविवारी बाजारात जाऊन क्लाउन लोच जातीचे दोन मासे घेऊन आलो. मूळचे ते सुमात्रा आणि बोर्निओ बेटांतले. अंग नारिंगी आणि त्यावर वाघासारखे तीन काळे पट्टे. दुकानदाराने पिशवी बांधून दिली, आणि मी घरी येऊन ती पिशवी, पाण्यासकट, सरळ पेटीत ओतली. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच जुन्यांत सोडावेत, हा या छंदातला पहिला धडा. तो मला ठाऊक नव्हता असे नाही. ठाऊक होता, पण आठवडे मोजण्याइतका धीर नव्हता. दोष दुकानाचा नव्हे, माशांचा तर नव्हेच. तो सर्वस्वी माझा.

सिकंदराबादचा हिवाळा दिवसा कळत नाही. रात्री मात्र तो पाण्यात उतरतो. पेटीतला पारा त्या आठवड्यात २० अंशांवर आला होता. लोच हा उष्ण प्रदेशातला मासा. थंडीने तो आधीच कोमेजला. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो, तो त्याच्या शेपटीवर कोणी रवा भुरभुरावा तसे पांढरे कण. मासे दगडांवर अंग घासू लागले होते आणि त्यांचे कल्ले भात्यासारखे चालत होते.

या रोगाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात, एवढे मला वाचून माहीत होते. घरात मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाची बाटली होती. मी अंदाजाने थेंब टाकले. पाणी निळे झाले. आणि तीन दिवसांनी पाहतो, तो ठिपके नाहीसे! त्या सकाळी मला झालेला आनंद काय वर्णावा? मी अर्धे पाणी बदलले, बाटली फडताळात ठेवून दिली, आणि रात्री नातीचा पुण्याहून दूरध्वनी आला तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितले, "सगळे मजेत आहेत." लोचांविषयी बोललो नाही, कारण ते गुपित होते. आजाराविषयीही बोललो नाही, कारण तो बरा झाला होता. निदान माझी तशी समजूत होती.

चौथ्या दिवशी ठिपके परतले. पूर्वी दोन माशांच्या अंगावर पाचपन्नास असतील. आता बाराही जुन्या माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे शेकडो. दोन दिवसांत एक लोच गेला, दोन मॉली गेल्या, आणि तिसऱ्या सकाळी काळूबाई पाण्याच्या पृष्ठभागी आडवी तरंगताना दिसली. काळ्या अंगावर ते पांढरे ठिपके इतके स्पष्ट उठून दिसत होते, की मला तिच्याकडे पाहवेना.

आमच्या मारेडपल्लीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सकाळच्या फेरफटक्यातली आमची ओळख. मी मेलेला मासा एका वाटीत घेऊन त्यांच्या दारी गेलो. त्यांनी काही न विचारता काचपट्टी घेतली, शेपटीवरचा चिकट पापुद्रा खरवडला आणि आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला पाहावयास सांगितले. एक राखट, गोल जीव सावकाश गिरक्या घेत होता. त्याच्या सर्वांगावर बारीक केसांची लव हलत होती, आणि पोटात घोड्याच्या नालासारखे एक फिकट केंद्रक होते. मला भय वाटण्याऐवजी आश्चर्य वाटले. ज्याने माझे घर उजाड केले, तो इतका देखणा असेल अशी माझी कल्पना नव्हती.

त्याचे नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलीस. नावाचा अर्थ 'पुष्कळ पोरांची माशाची ऊ'. फुके नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. वास्तविक तो ऊ नव्हे, एकपेशीय आदिजीव आहे. परंतु 'पुष्कळ पोरांचा' हे विशेषण मात्र पुरेपूर खरे. त्याचे आयुष्य तीन अंकी नाटकासारखे आहे, असे प्राध्यापकांनी मला समजावून दिले. पहिल्या अंकात तो माशाच्या त्वचेच्या आत, पातळ पापुद्र्याखाली शिरून त्याच्या पेशींवर पोसतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे आत बसून फुगलेला हा जीव आणि त्याच्यावरचे त्वचेचे पांघरूण. दुसऱ्या अंकात तो पूर्ण वाढून माशाला सोडतो, तळाशी वाळूवर किंवा वनस्पतीच्या पानावर जाऊन चिकटतो, स्वतःभोवती कोश विणतो आणि आत दोनाचे चार, चाराचे आठ असे विभागत शेकडो, कधी हजारपर्यंत पिले निर्माण करतो. तिसऱ्या अंकात कोश फुटून ती पिले पाण्यात सुटतात आणि नवा मासा शोधीत पोहू लागतात. एकदोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती उपाशी मरतात.

"आता सांगा," प्राध्यापक म्हणाले, "तुमचे औषध यांतल्या कोणत्या अंकात लागू पडते?"

मी अर्थातच पहिला अंक सांगितला. ते हसले. पहिल्या अंकात त्याला माशाच्या त्वचेचेच कवच असते. पाण्यातले औषध तेथे पोचत नाही. दुसऱ्या अंकात कोशाचे कवच असते. उघड्यावर, निराधार असा तो केवळ तिसऱ्या अंकात, पोहणाऱ्या पिलांच्या रूपात सापडतो; आणि तेव्हा तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे रोग दिसतो तेव्हा औषध लागू पडत नाही, आणि औषध लागू पडते तेव्हा रोग दिसत नाही. माझ्या माशांचे ठिपके निळ्या पाण्याने गेले नव्हतेच. ते पिकून गळाले होते, तळाशी बसून विणीला लागले होते. आणि नेमक्या त्याच वेळी मी पाणी बदलून औषध बंद केले होते. शत्रू घरात बाळंत होत असताना मी त्याच्या निरोपाचे पेढे वाटीत होतो.

बोलता बोलता प्राध्यापकांनी एक गोष्ट काढली, जी मी या शहरात जन्म घालवून अर्धवटच ऐकली होती. निजाम सिकंदर जाहच्या नावाने १८०६ साली वसलेली ही आमची छावणी. येथल्याच बेगमपेठेतील लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉस नावाचा डॉक्टर डासांची पोटे फाडून पाहत बसत असे. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन त्याने डास चाववून घेतले. २० ऑगस्ट १८९७ रोजी, चार दिवसांपूर्वी हुसेन खानाचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी राहिलेला डास फाडला, तो त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या. हिवतापाचा जंतू डासाच्या अंगात वाढतो, हे जगात प्रथम येथे, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर दिसले. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हिवतापाचा जंतू आणि पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू हे दूरचे भाऊबंद आहेत. आधुनिक प्राणिशास्त्र दोघांना एकाच मोठ्या कुळात घालते. नाते येथेच संपत नाही. माझ्या फडताळातले ते मिथिलीन ब्लू १८९१ साली बर्लिनमध्ये पॉल एर्लिख आणि गुटमान यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना देऊन पाहिले होते. आणि हिवतापावरचे क्विनीन पूर्वीचे हौशी लोक माशांच्या ठिपक्यांवर वापरीत. पण मला या हकिकतीतून औषधापेक्षा दुसरेच काही मिळाले. हिवतापाचा ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. आणि उतरलेल्या तापाला रुग्ण बरे होणे समजतो. जंतूच्या आयुष्याचे वेळापत्रक हाती आल्याशिवाय त्या येण्याजाण्याचा उलगडा होत नाही. मीही ठिपक्यांकडेच पाहत राहिलो होतो, वेळापत्रकाकडे नव्हे.

घरी परतताना मनात एक दुसराच विचार घोळू लागला, आणि तो येथे लिहिताना संकोच वाटतो. नात दुसऱ्या दिवशी येणार होती. काळी मॉली ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. कोणत्याही दुकानात मिळते, आणि एक दुसरीसारखीच दिसते. मी रिक्षा करून दुकानात गेलो. दुकानदाराने तेवढ्याच आकाराची मादी जाळीने पकडून पिशवीत घातली. पिशवी हातात घेतली आणि माझ्या मनात आले, की हिला मी नेऊन सोडणार कोठे? त्याच रोगट पाण्यात? एक चूक झाकण्यासाठी तीच चूक पुन्हा, आणि या वेळी समजून उमजून! मी पिशवी परत दिली. दुकानदाराला काय वाटले असेल ते असो.

नात आली ती पायातले बूटही न काढता पेटीपाशी गेली. मी तिला सर्व सांगितले: लोच, पिशवी, निळे पाणी, दूरध्वनीवरचे "सगळे मजेत", आणि कुंडीत तुळशीशेजारी पुरलेली काळूबाई. ती रडली. बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. मग संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन तिने एकच प्रश्न विचारला, "उरलेल्यांना बरे करायला किती दिवस लागतील?"

त्याच दिवशी आणखी एक प्रसंग घडला. एका शेजारणीने कळवळून सुचविले, की या जीवांना असे कोंडून मारण्यापेक्षा एखाद्या देवळाच्या तळ्यात किंवा हुसेनसागरात सोडून द्यावे. मुक्या प्राण्याला मोकळे केल्याचे पुण्य लागेल. सूचना सद्भावनेची होती, आणि क्षणभर मलाही मोह पडला. परंतु सूक्ष्मदर्शकातली ती गिरकी डोळ्यांपुढून हलेना. एक आजारी मासा तळ्यात सोडणे म्हणजे शेकडो पिले त्या तळ्यातल्या निरोगी माशांवर सोडणे. लहानपणी पाहिलेल्या तळीतल्या काळ्या पाठी मला आठवल्या. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला लहान मासा "मला सांभाळ, मी तुला सांभाळीन" असे म्हणतो. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, मोठा झाल्यावर खड्ड्यात, आणि समर्थ झाल्यावरच समुद्रात नेऊन सोडतो. दुबळ्या जीवाला आधी घड्यात सांभाळावयाचे असते; सोडणे मागाहूनचे. शेजारणीला मी हे सांगितले तेव्हा तिलाही ते पटले.

मग आम्ही आजोबा-नातींनी प्राध्यापकांच्या सांगण्याबरहुकूम उपचार आरंभिला. ज्यांच्या घरी मासे आहेत त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो थोडा सविस्तर देतो. प्रथम विजेचा तापक आणून पाणी हळूहळू, दिवसाला दोन अंशांहून अधिक नाही अशा बेताने, ३० अंशांपर्यंत नेले. ऊब वाढली की जंतूचे चक्र वेगाने फिरते, ठिपके लवकर पिकून गळतात आणि पिले लवकर उघड्यावर येतात. ३० अंशांच्या सुमारास बहुधा त्याची वाढच खुंटते. परंतु कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि कल्ल्यांतही ठिपके असल्याने मासे आधीच धापा टाकीत असतात. म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला.

दुसरा उपाय मिठाचा. फोंड्याहून आमच्या वडील भगिनी आक्का यांचा दूरध्वनी आला तेव्हा मी त्यांना हा सारा प्रकार ऐकविला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, नुस्त्याक वखद? आमी ताका मीठ-हळद लायतात!" घरात पंधरा दिवसांत प्रथमच हशा पिकला. गंमत अशी, की अर्धे वखद आक्कांनी बरोबरच सांगितले होते. लिटरला दोन ग्रॅम या मानाने ५५ लिटरला ११० ग्रॅम जाडे मीठ आम्ही वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन दिवसांत थोडेथोडे घातले. मॉलीला मीठ मानवते. लोचाला ते बेतानेच द्यावे लागते, म्हणून घाई केली नाही.

तिसरा उपाय औषधाचा. मॅलेकाइट ग्रीन असलेले तयार औषध प्राध्यापकांनी सुचविले. पण लोचाचे खवले अगदी बारीक, त्याला पूर्ण मात्रा सोसत नाही, म्हणून बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मी. हे द्रव्य विषारी आहे. खाण्याच्या माशांना ते देण्यास अनेक देशांत बंदी आहे. हातमोजे घालून ते हाताळले, आणि नातीला त्या बाटलीस हात लावू दिला नाही. गाळणीतला कोळसा आधी काढून ठेवला, कारण कोळसा औषध शोषून घेतो. एक दिवसाआड रबरी नळीने तळाची वाळू उपसून तिसरा हिस्सा पाणी काढावयाचे, म्हणजे कोशही बाहेर जातात. तेवढ्याच उबेचे नवे पाणी भरावयाचे. काढलेल्या पाण्यापुरतेच, म्हणजे ३६ ग्रॅम, मीठ पुन्हा घालावयाचे. आणि मग औषधाची मात्रा.

नातीने एका वहीत रकाने आखले: तारीख, अंश, मीठ, औषध, आणि शेवटी प्रत्येक माशाच्या अंगावरचे ठिपके. हिशेबनिसाच्या नातीला शोभेल अशी ती वही होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक स्वोर्डटेल गेला. त्याचीही तिने नोंद केली, रकान्यात काट मारली, आणि कुंडीपाशी स्वतः खड्डा खणला. नऊ दिवसांनी ठिपक्यांच्या रकान्यात प्रथमच सगळीकडे शून्य आले.

त्या सायंकाळी माझी कसोटी लागली. मासे पोहत होते, खात होते, अंग चकचकीत होते. हात औषधाच्या बाटलीकडे जावयास तयार नव्हता. बिचाऱ्यांना आणखी का छळावे, असे वाटत होते. पण नातीने वही पुढे केली. "शून्य तर तेव्हाही आले होते ना, आजोबा?" ती म्हणाली. तिच्या स्वरात टोचणी नव्हती. केवळ हिशेब होता. आम्ही पुढे आणखी एक आठवडा उपचार तसाच चालविला: तीच नळी, तेच मीठ, तीच निम्मी मात्रा, न दिसणाऱ्या शत्रूसाठी. त्यानंतर पाणी हळूहळू बदलून मीठ कमी केले, कोळसा पुन्हा घातला आणि तापक २६ अंशांवर आणला.

तोपर्यंत संक्रांत आली. नातीने तिळगूळ हातावर ठेवला, आणि हलव्याचा एक दाणा चिमटीत धरून पेटीच्या काचेला लावला. मग एकेका माशाशेजारी तो दाणा नेऊन तिने नीट निरखून पाहिले: तीन मॉली, तीन स्वोर्डटेल, दोन एंजल, एक लोच. कोणाच्याही अंगावर दाणा नव्हता. या रोगातून उठलेल्या माशाच्या अंगी त्या रोगाला तोंड देण्याची काही शक्ती येते, असे प्राध्यापक सांगतात. तशी ती आजोबांच्या अंगीही आली आहे की नाही, हे पुढील प्रसंगी कळेल.

एकटा उरलेला लोच दगडाआडून फारसा बाहेर येत नाही. ही जात कळपाने राहणारी. त्याच्यासाठी सोबती आणावेत असे ठरले आहे. त्यासाठी न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक वेगळी बादली, वेगळी जाळी आणि छोटा पंप मांडून ठेवला आहे. बादलीवर नातीने कागद डकवला आहे: 'येथे तीन आठवडे.' मासे अजून आणावयाचे आहेत. मी रोज जाता-येता तो कागद वाचतो.